रॉकेट कोणत्या वर्गात घडते? विद्यापीठे, अवकाश आणि आपला वाटा

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले, तेव्हा आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांसोबत एका छोट्या टीव्हीकडे डोळे लावून बसलो होतो. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मग पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारले, "हे तिथे बसलेले लोक शिकले कुठे?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी एकालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आम्हाला रॉकेटचे नाव माहीत होते, चंद्रावर उतरण्याची वेळ माहीत होती. पण ही माणसे कोणत्या बाकावरून उठून तिथे पोचली, हे माहीत नव्हते. त्यानंतर आम्ही वाचत गेलो, विचारत गेलो. हा लेख त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अवकाश विज्ञानाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात विद्यापीठांचा इतिहास आहे. विद्यापीठाने ज्यांना दारातून आत घेतले, त्यांनी रॉकेट बनवले, उपग्रह बनवले, कंपन्या काढल्या. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना नंतर 'यांच्यात गुणवत्ताच नाही' असे ऐकवले गेले. आज अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी खुले झाले आहे. त्यामुळे हे दार कोणासाठी उघडते हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त निकडीचा झाला आहे.

ऑक्टोबर १९४२

३ ऑक्टोबर १९४२ रोजी जर्मनीत पेनेमुंडे इथून एक रॉकेट अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. पुढे तेच 'व्ही-२' या नावाने लंडनवर कोसळले. ते माणसे मारण्यासाठी बनवलेले यंत्र होते आणि त्याच्या उत्पादनासाठी छळछावणीतले कैदी राबवले गेले. अवकाशयुगाची सुरुवात अशी रक्ताळलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याच महिन्यात, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एक सविस्तर निवेदन दिले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. निवेदन अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे होते. त्यातला शिक्षणाचा भाग आपण फार कमी वाचतो. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. पण निवेदनात त्यांनी सांगितले, की कला आणि कायदा शिकून अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही; त्याला उपयोगी पडेल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानातले उच्च शिक्षण. आणि हे शिक्षण इतके महाग आहे, की सरकारने खर्च उचलल्याशिवाय ते आपल्या मुलांच्या आवाक्यात येणार नाही.

त्यांनी नुसती तक्रार केली नाही, हिशेब मांडला. देशातल्या विद्यापीठांत आणि तंत्रसंस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी विद्यापीठांत तेच शिकण्यासाठी वर्षाला १ लाख रुपये. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे, ही मागणी. सरकार बनारस आणि अलिगढ या विद्यापीठांवर तीन-तीन लाख खर्च करते, मग आमच्या वाट्याला काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. या रेट्यातूनच १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जे पहिले कॉलेज काढले, त्या सिद्धार्थ कॉलेजच्या नावातच कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा होत्या.

रॉकेट जेव्हा अजून युद्धाचे हत्यार होते, तेव्हा हा माणूस आपल्या पोरांना प्रयोगशाळेत बसवायची तरतूद मागत होता. तो किती बरोबर होता, हे पुढच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले.

पदवी नसलेल्या दोघांना आत घेणारी प्रयोगशाळा

अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, या संस्थेत १९३६ साली फ्रँक मालिना नावाचा एक विद्यार्थी रॉकेटवर संशोधन करू पाहत होता. तेव्हा 'रॉकेट' हा शब्द उच्चारला तरी शहाणे प्राध्यापक हसत. मालिनाच्या जोडीला दोन तरुण होते. जॅक पार्सन्स स्फोटके बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा, एड फोरमन मेकॅनिक होता. दोघांकडेही पदवी नव्हती, दोघेही कॅलटेकचे विद्यार्थी नव्हते. तरीही तिथल्या विमानविद्या प्रयोगशाळेचे प्रमुख थिओडोर फॉन कारमान यांनी त्यांना आत येऊ दिले.

३१ ऑक्टोबर १९३६ रोजी या पोरांनी पॅसाडेनाजवळच्या एका कोरड्या ओढ्यात पहिली चाचणी घेतली. पुढे त्यांच्या उद्योगांतून इतके धमाके झाले, की कॅम्पसवर त्यांना 'आत्मघाती पथक' म्हणू लागले. पण नंतर लष्कराचा पैसा आला, आणि १९४२ साली याच मंडळींनी एरोजेट ही कंपनी काढली. त्यांच्या प्रयोगांच्या जागेवर जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्सप्लोरर-१' ३१ जानेवारी १९५८ रोजी उडाला, तो याच प्रयोगशाळेने बनवलेला होता.

आज ज्याला आपल्याकडे 'स्टार्टअप' म्हणतात, त्याचा हा जुना नमुना. यात तीन गोष्टी होत्या: विद्यापीठाची जागा, सरकारचा पैसा, आणि पदवीचा कागद न पाहता हाताचे कसब पाहणारा एक प्रमुख. आपल्याकडे इन्क्युबेशन सेंटरच्या फलकांवर पहिल्या दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात. तिसरीचे काय? लोहार, सुतार, चांभार, गवंडी ही आपल्या बापजाद्यांची कामे. धातू, लाकूड, कातडे, दगड यांची जाण त्यांच्या हातात होती. पण विद्येच्या दारात ती जाण कधी 'ज्ञान' म्हणून मोजली गेली नाही. पार्सन्स-फोरमन जर आपल्या गावात जन्मले असते, तर त्यांना प्रयोगशाळेत फारतर झाडू मारायला बोलावले असते.

ब्लॅक कॉलेजांच्या लेकी

पण अमेरिकेचे ते दारही सगळ्यांसाठी नव्हते. तिथल्या कृष्णवर्णीयांची लढाई आपल्या लढाईची बहीण आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले.

व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत 'वेस्ट एरिया कॉम्प्युटिंग' नावाचा विभाग होता. इथे 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया. त्यांच्या टेबलांची जागा वेगळी, जेवायचे टेबल वेगळे. या विभागाच्या प्रमुख झालेल्या डोरोथी व्हॉन विल्बरफोर्स विद्यापीठात शिकल्या होत्या. मेरी जॅक्सन हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या होत्या. कॅथरिन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजमधून १९३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी पदवीधर झाल्या होत्या. तिन्ही संस्था कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या. कॅथरिन यांचे गणिताचे प्राध्यापक विल्यम क्लेटर यांनी या एका विद्यार्थिनीसाठी अवकाशाच्या भूमितीचा खास वर्ग घेतला. ते स्वतः गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी एक होते; तरी त्यांच्या तोडीची जागा गोऱ्या विद्यापीठांनी त्यांना दिली नाही. पण ज्या मुलीला त्यांनी शिकवले, तिने २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे आकडे हाताने तपासून दिले.

मेरी जॅक्सन यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. इंजिनिअर व्हायचे तर व्हर्जिनिया विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग करावे लागणार होते. ते वर्ग भरत होते फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका हायस्कूलच्या इमारतीत. त्या वर्गात बसता यावे म्हणून त्यांना शहर प्रशासनाकडून परवानगी मिळवावी लागली. त्यांनी ती मिळवली, आणि १९५८ साली त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाल्या.

साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव आणि त्या हायस्कूलच्या दारात परवानगी मागणारी मेरी, यांच्यात अंतर फक्त समुद्राचे आहे. यावरून आम्ही एकच धडा घेतो. वंचितांच्या स्वतःच्या संस्था आणि सार्वजनिक विद्यापीठांची उघडी दारे, दोन्ही लागतात. एकट्या कोणत्याही गोष्टीने भागत नाही.

स्वस्त उपग्रहाची क्रांती

अवकाश म्हणजे अब्जावधींचा खेळ, गरिबाच्या पोराने तिकडे बघूच नये, असे आपल्याला सांगितले जाते. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने हे खोटे ठरवले. मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे साधे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग वापरून एक छोटा उपग्रह बनवला. 'युओसॅट-१' नावाचा हा उपग्रह ६ ऑक्टोबर १९८१ रोजी अमेरिकी रॉकेटवरच्या शिल्लक जागेतून वर गेला. १९८५ साली विद्यापीठाने त्यातून कंपनी काढली, आणि तिथे छोट्या देशांच्या इंजिनिअरांना उपग्रह बनवता बनवता शिकवले जाऊ लागले.

दक्षिण कोरियाने संधी साधली. त्यांच्या 'काइस्ट' या सरकारी तंत्रविद्यापीठाने १९८९ पासून आपले विद्यार्थी सरेला पाठवले. ऑगस्ट १९९२ मध्ये कोरियाचा पहिला उपग्रह 'कितसॅट-१' उडाला. त्याच चमूतल्या लोकांनी १९९९ साली स्वतःची उपग्रह कंपनी काढली, आणि ती आज इतर देशांना उपग्रह विकते. परदेशी शिक्षण, परत येऊन प्रयोगशाळा, प्रयोगशाळेतून उद्योग, असा तो क्रम. १९४२ च्या निवेदनात परदेशी शिक्षणासाठी मागितलेला तो एक लाख रुपये आठवा. मागणी नेमकी याच वाटेची होती. कोरियाने ती वाट सत्तेचाळीस वर्षांनी धरली. आपल्याकडे आपल्या मुलांना परदेशी शिष्यवृत्तीसाठी आजही मूठभर जागांवर झुंजावे लागते.

१९९९ सालीच कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी, कॅल पॉलीच्या जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डच्या बॉब ट्विग्ज यांनी, 'क्यूबसॅट'ची कल्पना मांडली. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन एक किलोच्या आसपास. हेतू काय? विद्यार्थ्याचे शिक्षण संपायच्या आत त्याच्या हातून एक उपग्रह पुरा व्हावा. मापे सगळ्यांसाठी सारखी ठरली, त्यामुळे रॉकेटच्या उरलेल्या जागेत असे अनेक डबे बसवता येऊ लागले. सुरुवातीला खेळणे म्हणून हिणवलेला हा डबा आज जगभरच्या अवकाश कंपन्यांचा पाया झाला आहे.

अहमदाबाद, थुंबा आणि 'सूट'

आता आपल्या देशाकडे येऊ. भारताचा अवकाश कार्यक्रमही एका शिक्षणसंस्थेच्या खोल्यांतच जन्मला. अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातले विक्रम साराभाई केंब्रिजहून परतले आणि १९४७ साली त्यांनी फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. तिचा संसार मांडला गेला एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूट या कॉलेजात. साराभाईंची दृष्टी मोठी होती, यात वाद नाही. उपग्रह खेड्यातल्या माणसाच्या कामी आला पाहिजे, असे ते मानत. आम्ही त्यांचा आदर करतो. पण घरी गिरण्या आणि केंब्रिजचे शिक्षण असलेला माणूसच तेव्हा प्रयोगशाळा काढू शकत होता, हेही नोंदवले पाहिजे.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा इथून पहिले रॉकेट उडाले. ती जागा पल्लीथुरा गावच्या मच्छीमारांची होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी लोकांना विचारले, लोकांनी होकार दिला, आणि सेंट मेरी मॅग्डलीन चर्च रॉकेट केंद्राचे कार्यालय झाले. भारताच्या अवकाशयात्रेला पहिली जमीन कष्टकऱ्यांनी दिली. देशाने बदल्यात त्यांच्या मुलांना काय दिले?

इथे कागद बोलतात. २३ जून १९७५ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मंत्रालयांना अशी मुभा मिळाली, की संशोधन करणारी किंवा संशोधनाला दिशा देणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे, गट 'अ' मधल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या वरची असतील तर, आरक्षणातून वगळता येतील. नंतर २००६ चा केंद्रीय शिक्षणसंस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा आला. ओबीसींना २७ टक्के जागा देणारा हाच तो कायदा. याच्याविरुद्ध डॉक्टर-इंजिनिअर रस्त्यावर उतरले होते. त्याच्या चौथ्या कलमात 'उत्कृष्टतेच्या', संशोधनाच्या आणि राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या काही संस्थांना सूट आहे. सोबतच्या परिशिष्टात नावे आहेत. त्यात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि तीन नावे थेट अवकाशाशी जोडलेली: अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी आणि डेहराडूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग. २०१९ साली प्राध्यापकांच्या भरतीतील आरक्षणाचा कायदा झाला, त्यातही ही सूट तशीच राहिली.

म्हणजे भारतीय अवकाश विज्ञानाचा जिथे पाळणा हलला, त्या घरालाच कायद्याने सांगितले, की सामाजिक न्यायाचा नियम तुला लागू नाही. आणि त्याचे कारण म्हणून शब्द वापरला 'उत्कृष्टता'. एससी, एसटी, ओबीसी आले की उत्कृष्टता जाते, हे गृहीतक मनुस्मृतीत नव्हे, स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या परिशिष्टात बसले आहे.

'मेरिट'वाल्यांना तामिळनाडूचे उत्तर

या गृहीतकाला उत्तर द्यायला भाषण नको, तामिळनाडू पुरे आहे.

१९२१ साली जस्टिस पार्टीच्या सरकारने मद्रासमध्ये सरकारी नोकऱ्यांत जातवार प्रतिनिधित्वाचा आदेश काढला. आज तिथे ६९ टक्के आरक्षण आहे. 'मेरिट'वाल्यांच्या हिशेबाने तिथले विज्ञान केव्हाच बुडायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? रामेश्वरमच्या नावाड्याच्या घरातले अब्दुल कलाम मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले. फीसाठी बहिणीने दागिने गहाण टाकले होते. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे पोर के. सिवन तामिळ माध्यमाच्या सरकारी शाळेतून त्याच संस्थेत गेले आणि पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. चंद्रयान-१ चे प्रकल्प संचालक मैलस्वामी अण्णादुराई कोईमतूरच्या सरकारी तंत्रमहाविद्यालयात शिकले. चंद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल हे रेल्वेतल्या तंत्रज्ञाचे चिरंजीव. त्यांची सुरुवात झाली विल्लुपुरमच्या एका पॉलिटेक्निकमधल्या डिप्लोमाने. कलाम आणि सिवन यांची ती संस्था १९७८ साली अण्णा विद्यापीठात सामील झाली, आणि याच अण्णा विद्यापीठाने भारतीय विद्यापीठाने बनवलेला पहिला उपग्रह 'अनुसॅट' २० एप्रिल २००९ रोजी अवकाशात पाठवला.

ही माणसे आरक्षणातून आली, असे आमचे म्हणणे नाही. कोणाची जात शोधत बसण्यात आम्हाला रस नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या राज्याने सरकारी शाळा, स्वस्त तंत्रशिक्षण आणि मोठे आरक्षण या तिन्ही गोष्टी टिकवल्या, तिथे विज्ञान खाली गेले नाही. तिथून चंद्रावर माणसांची बुद्धी पोचली. दार रुंद केल्याने उंची कमी होत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

पुण्याचा 'स्वयम्' आणि रात्रीचा प्रश्न

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या, विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवायला घेतला. एक किलोहून किंचित कमी वजनाचा तो घन. त्याला दिशा देण्यासाठी वीज खाणारी यंत्रणा नव्हती. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाने वळते, तशी आतल्या चुंबकाने त्याची दिशा धरायची, अशी सोय. एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. एक तुकडी पास होऊन जायची, दुसरी येऊन पुढचे काम उचलायची. असे करत करत २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण २० उपग्रह नेले, त्यात 'स्वयम्' होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. सरकारी कॉलेजातली पोरे हे करू शकतात, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण विद्यार्थ्यांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते. राखीव जागा प्रवेशापर्यंत पोचवते. उपग्रहाचा चमू, रोबोटिक्स क्लब, इन्क्युबेशन सेंटर इथे पुन्हा निवड होते, आणि तिथे कोणताही नियम नसतो. सीनियर मुलाखत घेतो, इंग्रजीत घेतो. काम रात्रीचे, बिनपगारी, तीन-तीन वर्षांचे. ज्याची शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी खात्यावर आलेली नाही, जो संध्याकाळी शिकवण्या घेऊन मेसचे पैसे भरतो, सुट्टीत गावी जाऊन मजुरीला हात लावतो, तो रात्री लॅबमध्ये थांबणार कसा? मग त्याच्या सीव्हीवर उपग्रह नसतो, आणि पुढची कंपनी म्हणते, याला अनुभव नाही. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या त्या शिष्यवृत्तीला आजही अडीच लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. तिचा प्रत्येक उशीर कोणाचा तरी एक प्रयोग खातो.

खासगी आकाश

२०२० साली केंद्राने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि त्यासाठी 'इन-स्पेस' ही संस्था नेमली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूटचे 'विक्रम-एस' उडाले. ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्यातून 'अग्निकुल' या कंपनीचे रॉकेट उडाले. ही कंपनी २०१७ साली निघाली आणि आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये वाढली. 'पिक्सेल' ही कंपनी काढली बिट्स पिलानीच्या विद्यार्थ्यांनी. त्या खासगी संस्थेत जातनिहाय राखीव जागा नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश स्टार्टअपसाठी १००० कोटींच्या निधीला मंजुरी दिली.

या तरुणांच्या कर्तबगारीला आम्ही नावे ठेवत नाही. पण हिशेब पाहा. जमीन सार्वजनिक, प्रयोगशाळा सार्वजनिक, प्रक्षेपणतळ सार्वजनिक, बराच पैसाही सार्वजनिक. यात आपल्या वस्तीतल्या माणसाने काडेपेटीवर भरलेला करही आहे. नोकऱ्या आणि मालकी मात्र खासगी, आणि तिथे आरक्षण नाही. इस्रोच्या भरतीत जो वाटा मिळत होता, तो या नव्या आकाशात आपोआप गळून पडतो. खासगी शिक्षणसंस्थांत आरक्षणाची वाट घटनेच्या कलम १५(५) ने उघडली आहे. संसदेने त्यावर केंद्रीय कायदा केलेला नाही.

मग करायचे काय?

नुसता संताप पुरत नाही. बाबासाहेबांनी आकड्यांसह मागण्या केल्या होत्या; आपणही तसेच करू.

पहिली गोष्ट, २००६ आणि २०१९ च्या कायद्यांच्या परिशिष्टांतली यादी पुन्हा तपासा. परिशिष्ट बदलण्याचा मार्ग कायद्यातच आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सामाजिक न्याय दिल्याने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येते, हे कोणीतरी एकदा उघडपणे सिद्ध करून दाखवावे.

दुसरी, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक उपग्रह प्रकल्पाने आणि इन्क्युबेशन सेंटरने दरवर्षी आपल्या चमूची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी, आणि गरजू विद्यार्थ्याला रात्रीच्या कामाचे मानधन द्यावे.

तिसरी आपल्या हातातली आहे. ३० सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' जाहीर केले. विद्यापीठांच्या इन्क्युबेशन सेंटरांमार्फत चार वर्षांत १००० अनुसूचित जातींचे तरुण उद्योजक शोधायचे आणि प्रत्येकाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल द्यायचे, अशी ती घोषणा होती. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठात जा. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विचारा: तुमच्या सेंटरमधून किती नावे पाठवली? किती मंजूर झाली? बाबासाहेबांच्या नावाने निघालेली योजना फक्त जयंतीच्या जाहिरातीत राहू देऊ नका.

चौथी, आपल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांपुरत्या ठेवू नका. तिथे एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी एक सोल्डरिंग गन, एक साधा रेडिओ रिसीव्हर, एक जुना संगणक ठेवा. हौशी रेडिओवाले घराच्या गच्चीवरून उपग्रहांचे संदेश पकडतात. आपल्या विहाराच्या गच्चीवरूनही ते पकडता येतील. क्लेटर सरांनी एका मुलीसाठी वर्ग घेतला होता. आपल्यातले निवृत्त इंजिनिअर, प्राध्यापक, रेल्वेतले, वीज मंडळातले तंत्रज्ञ रविवारचे दोन तास देऊ शकत नाहीत का?

त्या संध्याकाळी ज्याने प्रश्न विचारला, त्या मुलाला आता आम्ही सांगू शकतो. बाळा, त्यांच्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तुझ्यासारखाच पॉलिटेक्निकमध्ये शिकला होता. त्याच्यासाठी एकामागून एक दारे उघडत गेली: एनआयटी त्रिची, आयआयटी मद्रास, इस्रो. तुझ्यासाठी ती उघडी ठेवणे हे आमचे काम आहे, आणि त्यातून आत जाणे हे तुझे.

जयभीम!